देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा वाटा

गेल्या महिन्यात ह्या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील एका पत्राने आम्हांस बराच वेळ विचारात पाडले. पत्र एका एकत्र कुटुंबातील मधल्या सूनबाईंचे आहे. त्यांचे मामंजी वारल्यास वर्ष झाले. मागे काही रक्कम त्यांनी ‘सत्कार्यी लावावी’ एवढेच सांगून ठेविली आहे. थोरल्या दिरांचे म्हणणे असे की, ती बँकेत कायमची ठेव म्हणून ठेवावी, व्याजातून दरसाल एका मुलास पुस्तके द्यावी, म्हणजे मामंजींचे नाव अखंड राहील. धाकट्या दिरांचे म्हणणे, व्याजाच्या थेंबाने कोणाचीच तहान भागत नाही. मुद्दलच पाचदहा वर्षांत खर्चून टाकावे. सासूबाई दोघांचेही ऐकून घेतात व गप्प राहतात. पत्रलेखिका भगिनी शेवटी विचारतात, “हा वाद पैशाचा नाही, हे मला समजते. पण तो कशाचा आहे, हे कोणी नीट सांगेल काय?”

प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. दान द्यावे की न द्यावे, ह्याविषयी आपल्या घरांत दुमत क्वचितच असते. कोणास द्यावे, कसे द्यावे आणि केव्हा थांबावे, ह्या तीन गोष्टींचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही.

आपल्या घरांतील जुनी चाल पाहा. गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार लावून जेवावे व विद्या संपादन करावी, अशी रीत पुण्यात, साताऱ्यास, सांगलीस व नाशकास कितीतरी काळ चालली. ह्या रीतीत एक गुण असा होता की, त्या दानास आपोआप मुदत असे. मुलगा परीक्षा उतरला, नोकरीस लागला, की वार सुटला. पुढे तो ताटावर दुसऱ्यास जागा करून देई, आणि मनात कृतज्ञता असली तर स्वतःच्या घरी कोणाचा तरी वार लावून घेई. परंतु त्याच रीतीत एक मोठे उणेही होते, आणि ते सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. त्या पंगतीस बसणारा मुलगा बहुधा आपल्याच जातीचा असे. ओळखीच्या घरचा, ओळखीच्या गावचा, ओळखीच्या गोत्राचा. ज्याला विद्येची वाट सर्वांत अधिक बंद होती, त्यास आपल्या ओटीवर उभे राहण्याचीही मुभा नव्हती.

म्हणून आज आम्ही वाचकांस एका अशा दात्याची हकीकत सांगणार आहोत की, ज्याने आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर हात लांबविला, देताना घेणाऱ्याचा वाटा मागितला, आणि आपला निधी कायमचा न ठेविता ठराविक मुदतीत संपवून टाकण्याची अट घातली. हकीकत अमेरिकेतील आहे. तीत अनुकरण करण्यासारखे पुष्कळ आहे; पण सावध होण्यासारखेही थोडे नाही.

ज्युलियस रोझेनवाल्ड ह्यांचा जन्म १८६२ साली इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, जर्मनीहून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. तयार कपड्यांच्या धंद्यात त्यांनी उमेदवारी केली. पुढे १८९५ साली शिकागो येथील सिअर्स, रोबक आणि कंपनीत ते भागीदार म्हणून शिरले, व १९०८ साली तिचे अध्यक्ष झाले. ही कंपनी जाडजूड यादीपुस्तक खेडोपाडी पाठवून टपालाने माल विकी. शेतकऱ्याच्या घरी सुईपासून शिवणयंत्रापर्यंत सर्व काही पोस्टाने येई. ह्या धंद्यात रोझेनवाल्ड ह्यांस अपार संपत्ती मिळाली.

१९१० साली त्यांच्या वाचनात बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांचे आत्मचरित्र आले. वॉशिंग्टन हे जन्माने गुलाम. पुढे अलाबामा राज्यात टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी मोठी शिक्षणसंस्था उभारली. दोघांची १९११ साली भेट झाली, आणि १९१२ साली रोझेनवाल्ड त्या संस्थेचे विश्वस्त झाले. त्याच वर्षी आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी ज्या देणग्या दिल्या, त्यांत टस्कीगीसाठी २५,००० डॉलर होते. त्यांतून २,८०० डॉलर शिल्लक राहिले. ही उरलेली रक्कम खेड्यांतील सहा लहान शाळा बांधण्यास वापरू द्यावी, असे वॉशिंग्टन ह्यांनी सुचविले. पहिली शाळा १९१३ साली अलाबामातील लोचापोका ह्या खेड्यात उभी राहिली. एका मोठ्या कार्याचा आरंभ असा शिलकी रकमेतून झाला.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या असत. कर दोघांकडून घेतला जाई; खर्च मात्र मुख्यतः गोऱ्या मुलांवर होई. कृष्णवर्णीय मुले चर्चच्या कोपऱ्यात किंवा मोडक्या झोपडीत शिकत, आणि कापूस वेचण्याचा हंगाम आला की शिक्षणही थांबे. ह्या स्थितीत नुसत्या इमारती बांधून देणे रोझेनवाल्ड ह्यांस सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. निधीतून खर्चाचा काही भागच मिळेल. उरलेला भाग गावातील कृष्णवर्णीय लोकांनी, गोऱ्या शेजाऱ्यांनी व सरकारी शाळाखात्याने उभा करावा, अशी अट ठेविली. पुढे ह्या अटींत निदान दोन एकर जमीन व वर्षातून निदान पाच महिने शाळा चालविण्याचे बंधन आले. इमारत पुरी झाली म्हणजे ती सार्वजनिक शाळाखात्याच्या मालकीची व्हावयाची.

१९१७ साली ह्या कार्यासाठी रोझेनवाल्ड निधीची रीतसर स्थापना झाली. इमारतींचे नकाशे निधीच छापून पुरवी. खेड्यांत वीज नव्हती. म्हणून खिडक्या उंच व ओळीने ठेविल्या जात, उजेड पूर्वेचा किंवा पश्चिमेचा घ्यावा असा दंडक असे, आणि तो मुलांच्या डाव्या बाजूने पडावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली पाटीवर येत नाही, इतक्या बारकाईने विचार केलेला असे. दानात पैसा असतो तसा विचारही असावा लागतो, तो असा.

१९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकनिवास व १६३ उद्योगशाळा उभ्या राहिल्या. त्यांत सुमारे ६ लाख ६३ हजार मुलांची सोय झाली. एकंदर खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. आता त्याची वाटणी पाहा. रोझेनवाल्ड निधीचा वाटा ४३ लाखांच्या थोडा वर. गोऱ्या शेजाऱ्यांचा सुमारे १२ लाख. सरकारी करांतून सुमारे १ कोटी ८१ लाख. आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी, मोलकरणींनी, मजुरांनी दिलेले सुमारे ४७ लाख. म्हणजे ज्यांच्यावर उपकार झाला असे जग समजते, त्यांनी स्वतः दात्यापेक्षा अधिक दिले!

हा पैसा कसा जमला, हे वाचून मन भरून येते. कोणी कोंबड्या विकल्या, कोणी घरचे शिजविलेले अन्न लिलावात मांडले, कोठे सगळ्या गावाने एक शेत वेगळे काढून त्यात शाळेसाठी कापूस पिकविला. अलाबामातील एका सभेची हकीकत निधीच्या प्रतिनिधीने नोंदवून ठेविली आहे. गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला, मळकट पिशवी काढली, आणि जन्मभराची ३८ डॉलरची पुंजी मेजावर ओतली. आपल्याला जे मिळाले नाही, ते नातवंडांस मिळावे, एवढीच त्याची इच्छा होती.

येथे वाचकाच्या मनात शंका आली पाहिजे, आणि आमच्याही मनात ती आहे. हे लोक कर तर भरीतच होते. त्या कराच्या मोबदल्यात शाळा मिळण्याचा त्यांचा हक्कच होता. मग त्यांच्याकडून पुन्हा वर्गणी घेणे म्हणजे एकाच वस्तूची दोनदा किंमत घेणे नव्हे काय? पुढील काळातील इतिहासकारांनी ह्यास दुहेरी कर म्हटले आहे, व ते खोटे नाही. शिवाय ह्या शाळांनी वेगळेपणाच्या कायद्यास हात लाविला नाही. त्या कायद्याच्या आतच त्या उभ्या राहिल्या. वाटा मागण्याने घेणाऱ्याचा स्वाभिमान राहतो हे खरे. पण अतिशय गरिबाकडून वाटा मागताना, हा अन्याय आपण नकळत मान्य तर करीत नाही ना, हे दात्याने स्वतःस विचारले पाहिजे. आमच्या मते रोझेनवाल्ड ह्यांच्या योजनेचे समर्थन एकाच गोष्टीने होते: तिने सरकारास ओढून आणले. खर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग करांतून आला, व शाळा सार्वजनिक झाल्या. जे काम राज्याचे आहे, ते राज्याने करावे म्हणून दान खर्ची पडले, तर ते सत्कारणी लागले असे समजावे.

१९२८ साली निधीची पुनर्रचना झाली व एडविन एंब्री हे त्याचे अध्यक्ष झाले. शाळांबरोबर आता कला, विद्या व आरोग्य ही क्षेत्रेही आली. होतकरू लेखक, चित्रकार, गायक व संशोधक ह्यांस शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पुष्कळांस वाटते की, ज्यांस अन्न व अक्षरओळख नाही, त्यांच्या कलेसाठी पैसा देणे हा शौक आहे. पण घडले काय ते पाहा. गायिका मेरिअन अँडरसन ह्या १९३० साली ह्याच शिष्यवृत्तीवर बर्लिनला शिकावयास गेल्या. ९ एप्रिल १९३९ रोजी वॉशिंग्टन शहरात लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या गावयास उभ्या राहिल्या, तेव्हा समोर सुमारे ७५,००० माणसांचा समुदाय होता. शहरातील एका मोठ्या सभागृहाने त्यांच्या वर्णामुळे दार बंद केले होते, म्हणून ते गाणे उघड्यावर झाले. जेकब लॉरेन्स ह्या तरुण चित्रकारास १९४० साली शिष्यवृत्ती मिळाली, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतराची कथा त्याने साठ चित्रांत सांगितली. केनेथ व मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ दांपत्यासही निधीचे साहाय्य होते. काळी व गोरी बाहुली पुढे ठेवून त्यांनी लहान मुलांच्या मनातील न्यूनभाव दाखवून दिला. तो अभ्यास पुढे १९५४ सालच्या त्या प्रसिद्ध खटल्यात उपयोगी पडला, ज्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळांचा कायदा अवैध ठरविला. शाळा बांधताना ज्या भिंतीस निधीने हात लाविला नव्हता, तिला त्याच्याच शिष्यवृत्तीतून निघालेल्या कामाने खिंडार पाडण्यास मदत केली. कोठे पेरले आणि कोठे उगवले!

आता दुसरी बाजू. ती सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. १९२९ साली निधीने सरकारी आरोग्यखात्याच्या साहाय्याने दक्षिणेतील सहा जिल्ह्यांत उपदंश ह्या रोगाची तपासणी व उपचार सुरू केले. टस्कीगी ज्या जिल्ह्यात आहे, तो मेकन जिल्हा त्यांपैकीच एक. ज्यांनी जन्मात डॉक्टर पाहिला नव्हता, त्यांची रक्ततपासणी झाली व त्या काळी उपलब्ध असलेले औषध त्यांना मिळू लागले. परंतु १९२९ च्या अखेरीस अमेरिकेतील बाजार कोसळला. निधीची संपत्ती मुख्यतः सिअर्स कंपनीच्या भागांत होती, आणि त्यांची किंमत रसातळास गेली. रोझेनवाल्ड १९३२ च्या जानेवारीत वारले. पैसा आटला, आणि निधीने ह्या कामातून हात काढून घेतला. रोगी सापडले होते, नावे लिहिली गेली होती. औषध मात्र थांबले.

त्या रिकाम्या जागेत पुढे जे झाले, ते वैद्यकाच्या इतिहासातील काळे पान आहे. सरकारी आरोग्यखात्याच्या डॉक्टरांनी १९३२ साली त्याच मेकन जिल्ह्यात, उपचार न केल्यास रोग कसा वाढतो हे पाहण्याचा उद्योग आरंभिला. सुमारे ६०० पुरुष त्यात ओढले गेले. त्यांतील ३९९ जणांस उपदंश होता. आपणांवर उपचार चालू आहेत, अशी त्यांची समजूत करून दिली गेली. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे खात्रीचे औषध म्हणून रूढ झाले. तेही त्यांना दिले गेले नाही. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर १९७२ साली हे थांबले, आणि १९९७ साली अध्यक्ष क्लिंटन ह्यांनी राष्ट्रातर्फे क्षमा मागितली. ह्या पापाचा कर्ता रोझेनवाल्ड निधी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मदतीची सवय लावून, नावनिशी नोंदवून, आणि पुढची व्यवस्था न लावता निघून गेले, तर मागे उरलेली माणसे कोणाच्या हाती लागतील ह्याचा नेम नसतो, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

ह्यावर कोणी म्हणेल, मग निधी कायमचा असता तर बरे झाले नसते काय? रोझेनवाल्ड ह्यांचे मत ह्याविरुद्ध होते. १९२९ साली एका नामांकित मासिकात लेख लिहून त्यांनी कायम निधींवर टीका केली. प्रत्येक पिढीच्या गरजा निराळ्या असतात. मेलेल्या माणसाने जिवंतांचे हात बांधू नयेत, आणि पुढील पिढीत दातेच होणार नाहीत असे समजून पैसा कुजवत ठेवू नये, असा त्या लेखाचा आशय. आपल्या मृत्यूपासून २५ वर्षांच्या आत मुद्दलासह सर्व पैसा खर्च व्हावा, अशी अट त्यांनी घातली होती. प्रत्यक्षात निधी १९४८ सालीच पुरा झाला. आमच्या मते मुदत घालणे आणि अर्ध्यावर सोडून जाणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत आधी सांगितलेली असते. सोडून जाणे कळते ते औषध बंद झाल्यावर.

ही दूरदेशची गोष्ट आपणांस परकी वाटू नये. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांसच अर्पण केलेले आहे. तेथील दुःख व येथील दुःख एकाच जातीचे आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. लोचापोकाची शाळा उभी राहिली, त्याच १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यामागे बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांची शिष्यवृत्ती होती: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या साडेअकरा पौंडांची फलश्रुती सांगावयास नको. सारा देश ती जाणतो. पण त्या कथेतही एक बोचणारा भाग आहे. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यास आले, तेव्हा एवढ्या विद्वान पुरुषास शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी खाणावळीत नाव बदलून त्यांनी आसरा घेतला, तेथूनही त्यांना घालवून देण्यात आले. महाराजांनी विद्येचे दार उघडले. शहरातील घरांची दारे ज्यांच्या हाती होती, त्यांनी ती उघडली नाहीत. शिष्यवृत्ती एकटा माणूस देऊ शकतो. दार उघडण्यास सारा समाज लागतो.

आता पत्रलेखिका भगिनींच्या घरच्या वादाकडे वळू. भगिनी, आपल्या दोन्ही दिरांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. धाकटे दीर म्हणतात त्याप्रमाणे, रकमेस मुदत घालावी हे आम्हांस इष्ट वाटते. दहा वर्षे म्हणा, पंधरा म्हणा. पण ती पहिल्याच दिवशी घेणाऱ्यास सांगावी. थोरल्या दिरांच्या मनातील काळजीही वावगी नाही. हाती घेतलेले मूल अर्ध्यावर सुटता कामा नये. म्हणून ज्या मुलास आज हात दिला, त्याच्या शेवटच्या परीक्षेपर्यंतची रक्कम आधीच वेगळी काढून ठेवावी, आणि मगच दुसऱ्याचे नाव घ्यावे. घरावर उद्या संकट आले तरी त्या रकमेस कोणी हात लावू नये. थोरल्या दिरांस अखंडता हवी आहे, तर ती नावात नसून ह्या शब्द पाळण्यात आहे.

वाटा मागावा, पण झेपेल तो. पैसाच मागितला पाहिजे असे नाही. शिकून झाल्यावर मागच्या एका मुलास शिकवीन, एवढा शब्दही वाटाच आहे. वारावर जेवलेल्या मुलाने पुढे दुसऱ्याचा वार लावावा, तसेच हे. ज्या ठिकाणी सरकारकडून मिळावयाचे ते मिळतच नाही, तेथे आपल्या पैशाने ती उणीव झाकून टाकू नये. तो हक्क पदरात पाडून घेण्यास त्या कुटुंबास साहाय्य करावे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, दाखल्यासाठी कचेरीत बरोबर जाणे, ह्यास पैसा थोडा व वेळ पुष्कळ लागतो. आणि एकत्र कुटुंबात वेळ असणारी माणसे असतात. मुलगी गात असेल, मुलगा चित्रे काढीत असेल, तर तो शौक समजून बाजूस सारू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, व ती आम्ही मुद्दामच शेवटी ठेविली. नावांची यादी करण्यास आपण बसाल, तेव्हा पहिली दहा नावे आपल्याच नात्यागोत्यातील व ओळखीची येतील. ती यादी तशीच बाजूस ठेवावी आणि दुसरी करावी. आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईची मुलगी कोणत्या इयत्तेत आहे, हे आपल्या घरात कोणास ठाऊक आहे काय? गल्ली झाडणाऱ्याचा मुलगा शाळेत जातो की नाही, हे कधी कोणी विचारले आहे काय? आणि त्या मुलीस पुस्तके दिल्यावर, ती ती पुस्तके घेऊन आपल्या माजघरात, आपल्या मुलांच्या शेजारी, त्याच दिव्याखाली अभ्यासास बसू शकेल काय?

आपल्या घरचा वाद ह्याच प्रश्नाचा आहे, असे आम्हांस वाटते. व्याज की मुद्दल, हे हिशेबनीस ठरवील. हा प्रश्न मात्र घरातील माणसांनीच सोडवावयाचा आहे, आणि आमची अशी अटकळ आहे की, गप्प बसलेल्या सासूबाईंपाशी त्याचे उत्तर असेल. एकदा त्यांनाच विचारून पाहावे.